किमतीच्या मानाने

अण्णांचा यॅशिकामॅट १२४ जी हा जपानी कॅमेरा अजून आमच्या स्टुडिओत काउंटरमागच्या कपाटात आहे. चामडं सोलपटलंय, मीटर केव्हाच मेलाय, पण शटर मारलं की अजून शेंग फोडल्यासारखा बारीक आवाज येतो. त्या काळी कराडात माझ्या माहितीत एकच रोलीफ्लेक्स, म्हणजे महागडा जर्मन कॅमेरा, होता आणि तो एका डॉक्टरांकडे होता. डॉक्टरांना फोटोचा भारी नाद. रोल धुवायला टाकायला आले की ते अण्णांचा कॅमेरा उचलायचे, वरच्या काचेत डोकावायचे, बाजूचं चाक मागेपुढे फिरवायचे आणि परत ठेवताना म्हणायचे, "किमतीच्या मानाने उत्तम आहे हो."

अण्णा हसून चहा सांगायचे. एकदाच, डॉक्टर पायऱ्या उतरून गेल्यावर, माझ्याकडे न बघता पुटपुटले होते, "त्यांचा रोली गादीवर झोपतो. माझा हळदीत लोळतो."

मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. मला डॉक्टरांचं वाक्य कौतुकाचंच वाटलं होतं. 'मानाने' म्हटलं की मान दिल्यासारखं वाटतं. त्यातली मेख कळायला पुढची तीस वर्षं आणि दीडेक हजार लग्नं जावी लागली. त्या वाक्यात मान असतो तो किमतीला. वस्तूला तिची जागा दाखवलेली असते, तीही गोड बोलून.

हल्ली हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा तरी ऐकतो. नवी लेन्स आली, नवा फ्लॅश आला, की रात्री अल्बमचं डिझाइन करता करता बाजूच्या स्क्रीनवर कुणा ना कुणाचा रिव्ह्यू चालू असतो. अमेरिकेतला, इंग्लंडातला, दिल्लीतला, कधी आपल्या पुण्यातला. चीनमधल्या शेन्झेनहून आलेली लेन्स असेल तर पाचव्या मिनिटाला ते येतंच: किमतीच्या मानाने शार्प, किमतीच्या मानाने मजबूत. गाडीच्या किमतीच्या लायका लेन्सबद्दल मात्र कुणी "किमतीच्या मानाने कडेला जांभळी झालर जरा जास्तच आहे" असं म्हटलेलं मला आठवत नाही. तिथे झालरीला 'लूक' म्हणतात.

हे मी तिऱ्हाईत म्हणून लिहीत नाही. २०२०मध्ये लग्नं बंद पडली, स्टुडिओचं शटर खाली, घरात बसून करायचं काय म्हणून मीही मराठीतून लेन्सांवर बोलायला लागलो. विटा, तासगाव, फलटण, पाटण इथली पोरं बघतात. त्यांच्याकडे एक बॉडी आणि दोन लेन्सा असतात आणि तिसरी घ्यायची तर हप्ता बसवावा लागतो. माझे सुरुवातीचे व्हिडिओ परवा पुन्हा ऐकले. पहिल्याच व्हिडिओत, दुसऱ्या मिनिटाला, एका नवख्या कंपनीच्या ८५ मिलिमीटरच्या लेन्सबद्दल मी म्हणतोय, "किमतीच्या मानाने..." आवाज माझा, पण हेल अगदी डॉक्टरांचा.

*

एकेकाळी जपान या धंद्यातलं शेन्झेन होतं, हे आमच्या धंद्यातल्या पोरांना सांगितलं तर पटत नाही. त्यांच्या लेखी निकॉन म्हणजे कुलदैवत. पण दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कॅमेऱ्यांवर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असायचा आणि बाहेरच्या जगात जपानी माल म्हणजे स्वस्त खेळणी अशीच समजूत होती. कॅमेरा म्हणजे जर्मन, लायका नाहीतर झाइसचा काँटॅक्स.

१९५०च्या उन्हाळ्यात 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाचा फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. 'लाइफ'साठीच काम करणाऱ्या जुन मिकी या जपानी फोटोग्राफरने त्याचे काही फोटो काढले. लेन्स होती निप्पॉन कोगाकूची, म्हणजे आजच्या निकॉनची, ८५ मिलिमीटर, एफ २. मिकीने प्रिंट आणून दाखवली. डंकन चक्रावला. कारखान्यात गेला, लेन्सा तपासून घेतल्या आणि आपल्या लायकांवर त्यांच्या निक्कोर लेन्सा चढवल्या. त्याच जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि त्या लेन्सा त्याच्याबरोबर आघाडीवर गेल्या. १० डिसेंबर १९५०च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये कॅमेऱ्याच्या स्तंभात जेकब डेशिन यांनी या जपानी कॅमेऱ्यावर आणि लेन्सांवर लिहिलं आणि निकॉन हे नाव अमेरिकेत घरोघरी नाही तरी स्टुडिओ-स्टुडिओत पोचलं.

ही गोष्ट सांगताना लोक डंकनच्या पारखी नजरेपाशी थांबतात. मला त्यातली दुसरी बाजू जास्त आवडते. ज्या ८५च्या लेन्सने त्याचं मत फिरवलं ती मुळात झाइसच्या 'सोनार' या लेन्सच्या बेतावर बांधलेली होती. निकॉनचा पहिला कॅमेरा अंगाने काँटॅक्ससारखा आणि आतल्या कापडी शटरने लायकासारखा. म्हणजे आज ज्या शब्दाने शेन्झेनची बोळवण होते, त्या 'नक्कल' या शब्दाला कुलदैवतही पात्र होतं. डंकनला कोणीतरी आधी "अरे, ती सोनारची कॉपी आहे" असं सांगितलं असतं तर त्याने प्रिंटकडे त्याच डोळ्यांनी पाहिलं असतं का? त्याच्या हातात आधी प्रिंट आली, नाव नंतर कळलं. निकॉनचं नशीब त्या क्रमात होतं.

आमच्या यॅशिकाचंही तेच. त्याची यॅशिनॉन म्हणजे झाइसच्या टेसारच्या घराण्यातली चार काचांची लेन्स. डॉक्टरांना हे ठाऊक असणारच. अण्णांना ठाऊक नव्हतं. ते बिचारे नुसते फोटो काढत होते.

*

माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट सोनीची. २०१३च्या ऑक्टोबरमध्ये ए७ आणि ए७आर आले. फुल फ्रेम, आरसा नाही, बॉडी तळहातात मावणारी. आमच्या जिल्ह्यातल्या फोटोग्राफरांच्या बैठकीत जो हशा झाला तो मला आठवतोय. "टीव्हीवाले कॅमेरा विकणार!" खरं तर सोनीने २००६मध्ये कोनिका मिनोल्टाचा कॅमेऱ्याचा धंदाच विकत घेतला होता, म्हणजे कुळी तशी जुनी. पण दत्तक मुलाला गावात आडनाव लवकर मिळत नाही.

रिव्ह्यूवाल्यांनी तेव्हा जे दोष काढले ते खोटे नव्हते. बॅटरी मंगलाष्टका संपायच्या आत मान टाकायची. लेन्सा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ए७आरचं शटर इतकं खणखणीत की देवघरात फोटो काढला तर भटजी वर बघतील. मेनू म्हणजे भूलभुलैया. सगळं खरं. पण या यादीच्या शेवटी निकाल म्हणून जे यायचं, की शेवटी ही इलेक्ट्रॉनिक्स कंपनी, कॅमेरा कंपनी नव्हे, ते मात्र मोजमाप नव्हतं. ती सोयरीक नाकारण्याची भाषा होती. गंमत अशी की २०१२च्या निकॉन डी८००च्या ३६ मेगापिक्सेलच्या ज्या सेन्सरचे सगळे गोडवे गात होते, तो बनवला होता सोनीने. सेन्सर तपासून गुण देणाऱ्या डीएक्सओमार्कच्या मोजणीत डी८००ला ९५ गुण, ए७आरलाही ९५. आकड्याने सोवळं-ओवळं पाळलं नाही, जिभेने पाळलं.

चक्र फिरायला पाच वर्षं लागली. २०१८मध्ये निकॉनचे झेड६ आणि झेड७ आले आणि सगळीकडून एकच ओरड: कार्डाला एकच खाच! तोवर सोनीच्या ए७ थ्रीमध्ये दोन खाचा आल्या होत्या, त्यामुळे निकॉन एकदम मागासलेला ठरला. मीही तावातावाने बोललो होतो, की एका कार्डावर लग्न काढणं म्हणजे दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नाचा जुगार आहे. रात्री झोपताना आठवलं की कॅननच्या ५डी मार्क टूवर मी स्वतः सात वर्षं एका कार्डावर लग्नं काढली होती आणि एकदाही जुगार हा शब्द सुचला नव्हता. नव्या घरातून आलेल्यांनी पट्टी वर सरकवली आणि त्या पट्टीने जुन्या घराला मोजलं गेलं. जुन्यांवर अन्याय झाला म्हणायचं का? मला नाही वाटत. पण नवख्यांना तेवढंच श्रेय दिलं गेलं का, तर तेही नाही.

फ्लॅशचं उदाहरण तर आमच्या रोजच्या पोटापाण्याचं आहे. लग्नात चार-चार पेन्सिल सेल बदलत बसणं ही काय शिक्षा असते ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. खिशात चार्ज केलेले सेल, दुसऱ्या खिशात उतरलेले, आणि वरात निघताना कुठला खिसा कुठला हेच विसरायचं. गोडॉक्स या चिनी कंपनीने २०१३मध्ये व्ही८५० या फ्लॅशला लिथियमची एकच वडी बसवली. एका वडीत अख्खं लग्न. कॅननने आपल्या फ्लॅशला लिथियम बॅटरी दिली ती ईएल-१मध्ये, २०२१ साली. आठ वर्षांचं अंतर. मुंबईच्या बोरा बाजारातल्या एका शेठनी मला पहिला गोडॉक्स विकताना हळू आवाजात सांगितलं होतं, "साहेब, गिऱ्हाइकासमोर झाकून वापरा." मीही नावावर काळी टेप लावून वापरला.

त्याच गोडॉक्सने २०१९मध्ये व्ही१ आणला, गोल डोक्याचा. गोल डोकं आधी प्रोफोटो कंपनीच्या ए१ या फ्लॅशचं, २०१७चं. हे उघड उघड उचललेलं होतं आणि ज्यांनी तसं म्हटलं त्यांनी बरोबर म्हटलं. योंगनुओ या चिनी कंपनीची ५० एफ १.८ची लेन्स कॅननच्या लेन्सशेजारी ठेवली तर जुळ्या बहिणी वाटायच्या. उचलेगिरीला उचलेगिरी म्हणावंच. माझी तक्रार एवढीच की ते बिरुद किती वर्षं गळ्यात ठेवायचं याचा काही नियम नाही. निकॉनच्या गळ्यातलं कधी गळून पडलं ते कुणाला आठवतही नाही.

*

शब्दांबद्दल जरा अजून. आमच्या धंद्यात रशियन झेनिट कॅमेऱ्याचा एक जमाना होता. त्यावर हेलिओस-४४ ही ५८ मिलिमीटरची लेन्स यायची. तीही झाइसच्या बायोटारवरून बेतलेली. उघडी ठेवून झाडापुढे कुणाला उभं केलं की मागची पानं भोवऱ्यासारखी गरगरायची. अण्णा त्याला स्वच्छ शब्दांत दोष म्हणायचे आणि लेन्सचं तोंड बारीक करून एफ ८वर जायचे. आता तीच लेन्स पोरं शोधून शोधून घेतात, प्री-वेडिंगला तिचा भोवरा हवा असतो आणि त्याला नाव आहे 'कॅरेक्टर'. स्वभाव. म्हातारपणी माणसाच्या तऱ्हेवाईकपणालाही आपण स्वभावच म्हणतो.

नव्या कंपनीच्या लेन्समध्ये तस्साच भोवरा दिसला तर रिव्ह्यूवाला कोपरा तिप्पट मोठा करून दाखवतो आणि म्हणतो, कडा कच्च्या आहेत. कुठलं वंगण घट्ट असेल तर जुन्या लेन्सची फिरकी 'दमदार' आणि नवीची 'जड'. जुन्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अर्धवट असेल तर 'पुढच्या अपडेटमध्ये येईल', नव्याचं असेल तर 'घाईने बाजारात आणलं'. ही वाक्यं खोटी नसतात. प्रत्येक सुटं वाक्य तपासलं तर उभं राहतं. पण तराजूच्या एका पारड्याखाली कुणीतरी चिंचेचा गोळा चिकटवलेला असतो.

नवख्याला सरळ न्याय मिळतो तो कुठे, तर जिथे शेजारी ठेवायला जुनं काही नसतं. लाओवा या चिनी ब्रँडची २४ मिलिमीटरची प्रोब लेन्स २०१८मध्ये आली. फूटभराहून लांब नळी, टोकाला डोळा. मधमाशीच्या तोंडापुढे, पाण्याच्या ग्लासात, कुठेही घाला. सामान्य फोटोग्राफरच्या आवाक्यात तसं दुसरं काही नव्हतंच. त्यामुळे तिचं कौतुक सरळ झालं, एफ १४ एवढी अंधारी असूनही. मी ती एकदा भाड्याने आणून मोदकाच्या कळ्यांवर चालवली होती. मोदक हिमालयासारखे दिसले. गिऱ्हाईक म्हणालं, छान आहे पण मोदक ओळखू येत नाही.

आणि जिथे शेजारी ठेवायला जुनं असतं तिथे एक गोष्ट बहुतेक रिव्ह्यूंत एका ओळीत उरकली जाते. स्पर्धा ज्या मैदानात चालते ते मैदान एका खेळाडूच्या मालकीचं असतं. सोनीने आपल्या ई माउंटची, म्हणजे लेन्स जोडायच्या कड्याची, मूळ माहिती २०११मध्ये इतर कंपन्यांना खुली केली, हा तिचा मोठेपणा आणि हुशारीही. पण सोनीच्या ए१ या कॅमेऱ्यावर सोनीची लेन्स सेकंदाला ३० फ्रेम देते आणि दुसऱ्या कुणाची लावली की गाडी १५वर थांबते. कॅननने आरएफ माउंटचं दार तर २०२२मध्ये इतकं घट्ट लावलं की व्हिल्ट्रॉक्स या चिनी कंपनीला आपल्या ऑटोफोकस लेन्सा मागे घ्याव्या लागल्या. कारण पेटंटचं, आणि पेटंट हा हक्कच आहे. तरी "नवी लेन्स जरा मंद आहे" असं म्हणताना ती स्वतः मंद आहे की तिच्या पायात घरमालकाने दोर बांधलाय, एवढं तरी सांगायला हवं. मीही सांगत नव्हतो. मला माहीतच नव्हतं. एका प्रेक्षकाने फोन करून झापलं तेव्हा कळलं.

*

आता माझीच गोष्ट, जी सांगताना जरा खजील व्हायला होतं.

तीन-साडेतीन वर्षांपूर्वी एका नव्या कंपनीने मला लेन्स पाठवली. नाव सांगत नाही. खोक्यात चिठ्ठी: प्रामाणिक मत द्या, परत पाठवायची गरज नाही. प्रामाणिक या शब्दानंतर लगेच परत पाठवायची गरज नाही. ती दोन वाक्यं शेजारी शेजारी वाचून मला हसू आलं होतं, पण लेन्स ठेवून घेतली. ती चांगली होती. खरंच चांगली होती. पण व्हिडिओ करताना लक्षात आलं, मी एक वाक्य तीनदा बोललो. पहिल्यांदा म्हणालो, "अंधारात फोकस चाचपडतो." दुसऱ्यांदा, "अंधारात फोकसला थोडा वेळ लागतो." तिसऱ्यांदा, "अंधारात फोकसला थोडा वेळ द्यावा लागतो." दोष लेन्सकडून निघून हळूच वापरणाऱ्याच्या अंगावर गेला. मला कुणी काही शिकवलं नव्हतं. घरात आलेल्या पाहुण्याला नावं ठेवायची नाहीत, हे संस्कार आपोआप काम करत होते. शेवटी तिसरं वाक्य ठेवलं.

म्हणून नवख्या कंपन्यांवर अन्यायच होतो असं एकतर्फी रडगाणं मला गाता येत नाही. एका बाजूला डॉक्टरांचं नाक मुरडणं, दुसऱ्या बाजूला आमच्यासारख्यांची फुकट आलेल्या खोक्यापुढची मऊ जीभ. जुन्या कंपन्यांची पद्धत वेगळी. त्या लेन्स देत नाहीत, बोलावणं देतात. हॉटेल, मॉडेल, सजवलेला सेट, सगळ्यांचे व्हिडिओ एकाच दिवशी एकाच तासाला बाहेर. पुढच्या वेळी यादीत नाव राहावं ही भीती खोक्यापेक्षा भारी असते. नवखी कंपनी तुमची जीभ विकत घेते, जुनी ती उसनी घेते.

सरकारला याचा वास लागलेला आहे. २०२३च्या जानेवारीत केंद्राने नियमावली काढली की वस्तू फुकट मिळाली असेल, पैसे मिळाले असतील, प्रवास मिळाला असेल तर ते ठळकपणे सांगायचं, वर्णनाच्या तळाशी दडवायचं नाही. दिशाभूल केली तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. तेव्हापासून मी सुरुवातीलाच सांगतो, ही लेन्स फुकट आलीय. सांगितल्यावर गंमत होते. माझी जीभ सैल होते, आणि ऐकणाऱ्याचे कान घट्ट होतात. आता मी खरं कौतुक केलं तरी लोकांना ते खोकं दिसतं.

*

मग एकदा मी हौसेने एक प्रयोग केला. एकाच नवरीचे, एकाच खिडकीपाशी, एकाच तासात, दोन ८५च्या लेन्सांनी फोटो काढले. एक जुन्या घराण्याची, दुसरी नव्या घरची, पावपट किमतीची. दोघींचे बारा बाय अठराचे प्रिंट काढले, मागे नुसते अ आणि ब. तालुक्यातल्या पाच फोटोग्राफरांना दाखवले. चहा, भजी, वाद. तिघांनी नवीला जुनी ठरवलं आणि कारणांसकट ठरवलं: त्वचेचा रंग बघ, मागची सुटणी बघ, हे त्यांनाच जमतं. मी मनात खूश. मग प्रिंट नवरीच्या आईला दाखवले. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही गठ्ठे नीट बघितले आणि म्हणाल्या, "दादा, एकातही हिची नथ धड दिसत नाही."

नथ खरंच दिसत नव्हती. मी पाच तास बोके (म्हणजे मागची धूसर सुटणी), कडा, झालर बघत होतो आणि नथीवर डोक्याची सावली पडली होती.

आणि खरं सांगायचं तर त्या प्रयोगात मला स्वतःला जुन्या लेन्सच्या फोटोत काहीतरी जास्त खोली दिसत होती. मला माहीत होतं ना, कुठली कुठली ते.

*

हे सगळं लिहून झाल्यावर माझा कल कुठे आहे ते कळलं असेल. तरी एक लग्न सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ते लग्न माझ्या विरुद्ध साक्ष देतं.

कोरेगावकडचं लग्न. अंतरपाट धरलेला, शेवटचं मंगलाष्टक, दोन्ही बाजूंनी अक्षता. अंतरपाट खाली येतो तो एक सेकंदाचा खेळ असतो. त्या सेकंदासाठीच लोक आम्हाला पैसे देतात. माझ्या हातात नव्या कंपनीची लेन्स, फुकट आलेली नव्हे, माझ्या पैशांची. अंतरपाट खाली आला आणि लेन्स घुसमटल्यासारखी मागेपुढे व्हायला लागली. अकरा फ्रेम. अकराही फ्रेममध्ये नवरी धूसर, आणि मागे उभ्या मामांच्या फेट्याचा पीळ न् पीळ लख्ख. दुसरा कॅमेरा पोराच्या हातात होता म्हणून अब्रू वाचली.

नंतर कळलं की आदल्या आठवड्यात मी बॉडीचं फर्मवेअर बदललं होतं आणि त्या लेन्सचं तिच्याशी वाजलं. लेन्स दुरुस्तीला पाठवायची तर पत्ता मिळेना. मिळाला तो दुकानदाराचा. दुकानदाराने आयातदाराचा दिला. पार्सल साडेतीन महिन्यांनी आलं, आत दुसरीच लेन्स, सोबत एक ओळही नाही. जुन्या कंपनीचं असतं तर सकाळच्या एसटीने पुण्याला जाऊन निदान एका माणसाशी भांडता तरी आलं असतं. भांडायला माणूस असणं ही फार मोठी सोय आहे. तिचे पैसे त्या जास्तीच्या किमतीत असतात आणि ती कुठल्याही टेस्ट चार्टवर दिसत नाही.

तेव्हा डॉक्टरांच्या नाक मुरडण्यातही काहीतरी होतं, असं मला वाटायला लागलंय. जुनं नाव म्हणजे न फुटलेल्या वर्षांची साठवण. रिव्ह्यूवाला जुन्याला जी उधारी देतो ती त्या साठवणीवर देतो. नवख्याकडे तारण नाही. ते त्याला मिळणार कसं, तर वर्षं घालवून. आणि वर्षं घालवायची तर आधी कुणीतरी विकत घ्यावं लागतं. आठवडाभर वापरून "घ्या" म्हणणारा आणि आठवडाभर वापरून "जपून" म्हणणारा, दोघंही त्या वर्षांबद्दल सारखेच अडाणी असतात. वर त्यांच्या हातात असते एकच लेन्स. अमेरिकेत लेन्सरेंटल्स नावाची भाड्याने लेन्सा देणारी कंपनी आहे. तिचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकाच लेन्सच्या अनेक प्रती यंत्रावर लावून तपासल्या आणि वर्षानुवर्षं तेच दाखवलं: कुठल्याही घराण्यात दोन प्रती सारख्या निघत नाहीत. एका भावंडावरून अख्खं घर पारखायची सवय लग्नाच्या बाजारातली, ती आमच्यात कशी आली कोण जाणे.

*

म्हणून यंदा पावसाळ्यात, काम कमी असताना, मी एक व्हिडिओ केला. फुकट आलेली ती लेन्स, तीन वर्षांनंतर. हळद, अक्षता, धूर, महाबळेश्वरची थंडी, सगळं खाल्लेली. रबराची कडी सैल झालीय. नावावरचा रंग उडालाय, त्यामुळे टेप लावायची गरज उरली नाही. मागच्या टोकाला एक बारीक पीन आहे, तिच्यातून अपडेट मी स्वतः तीनदा केले, एक तर मांडवातच, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. थंडीत सकाळी पहिली पाच मिनिटं मोटर कुरकुरते. अंधारात फोकस चाचपडतो. हे वाक्य या वेळी पहिल्याच दमात आलं आणि तसंच ठेवलं. आणि ती अजून चालते. रोज चालते.

माझ्या मते आजवर मी केलेलं हे सगळ्यात कामाचं बोलणं. पहिल्या व्हिडिओच्या मानाने दहावा हिस्सासुद्धा लोकांनी बघितला नाही. पण तिसऱ्या दिवशी विट्याहून एका पोराचा फोन आला. म्हणाला, "दादा, पूर्ण बघितला. एक नंबर." मी सुखावलो. विचारलं, मग घेतोयस का?

"ती नको हो, ती आता तीन वर्षं जुनी झाली," तो म्हणाला. "त्यांचीच नवीन आलीय म्हणे गेल्या आठवड्यात. ती कशी आहे?"